घरखर्चाची मर्यादा आणि शेवटचे पान

महिन्याचा पहिला आठवडा आला की आपल्या सभासद कुटुंबांपैकी बहुतेकांच्या घरी किराण्याची यादी होते. तूरडाळ, साखर, चहापूड, शेंगतेल, पोहे, रवा, साबण, उदबत्ती हा तिचा क्रम वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. यादीच्या तळाशी एक आकडा असतो. त्या आकड्याच्या आत महिना निभावला तर गृहिणी दक्ष, आणि तो ओलांडला गेला तर तिचा हात सैल, असा निवाडा घरोघरी विशेष चर्चा न होता दिला जातो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावा असे आम्ही योजिले आहे. विषय स्वयंपाकघरातला आहे, म्हणून तो धर्मविचाराच्या कक्षेबाहेरचा आहे असे वाचकांनी कृपया समजू नये. अन्नाची वाटणी कशी करावी, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी मोक्षाच्या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने हाताळला आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी शेतकरी घरांत महिन्याचा असा हिशेब नव्हता. सुगी झाली की शाळू, भात, मसूर, हरभरा यांची वर्षाची बेगमी होई. उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची वाळवून तिची चटणी बरणीत भरली जाई. पायली, अधोली, शेर, चिपटे ही मापे प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक असत. १९५७ साली नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आले आणि ही मापे हळूहळू देवघराच्या कोनाड्यात जाऊन बसली. बेगमीच्या घरात मर्यादा डोळ्यांना दिसे. कणगी कुठवर उतरली आणि पाऊस किती लांब आहे, हे घरातल्या लहान मुलासही कळे. आता मर्यादा कागदावर असते, आणि पैसे तर कागदावरही नसतात. मोबाईल पुढे धरला की ते गेले. हातातून नोट सुटताना मनाला जी किंचित टोचणी लागत असे, तीही आता उरली नाही. काटकसर कठीण झाली असेल तर त्याचे एक कारण हे आहे, आणि त्यात गृहिणीचा विशेष दोष आम्हांस दिसत नाही.

घरखर्च कोणी पाहावा, याविषयी आपले जुने ग्रंथ स्पष्ट बोलतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात द्रव्याचा संग्रह आणि व्यय ही दोन्ही कामे पत्नीकडे सोपवावीत असे सांगितले आहे, आणि पाचव्या अध्यायात तिने खर्चात हात मोकळा सोडू नये अशी अपेक्षा केली आहे. वात्स्यायनाने तर गृहिणीच्या कर्तव्यांत वर्षाची मिळकत मोजून तिच्या मानाने खर्च बेतणे याचा नावानिशी समावेश केला आहे. (मनुस्मृतीतील पहिला आदेश स्त्रीस कामात गुंतवून ठेवण्याच्या हेतूने आला आहे, हे आम्ही विसरलो नाही, त्या ग्रंथातील स्त्रीविषयक सारीच वचने आज शिरोधार्य मानावीत असे आमचे मतही नाही.) तथापि एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जिच्याकडे व्यय, तिच्याकडे संग्रह, अशी ही योजना होती. घरात काय आले हे जिला ठाऊक, तिनेच काय जावे हे ठरवायचे. आजच्या अनेक घरांत यातील एकच अर्धे शिल्लक राहिले आहे. रक्कम एकाने ठरवायची, तीत भागवायचे मात्र दुसरीने. आणि एकूण मिळकत किती, हे भागवणारीला पुष्कळदा सांगितलेही जात नाही.

त्यात आपल्या या सीमाभागात 'महिना' हाच सर्वांचा सारखा नाही. बेळगावात ज्यांचे पगार पहिल्या तारखेस बँकेत जमा होतात, त्यांना महिन्याची यादी शोभते. वडगाव, शहापूर, खासबागच्या विणकराचे तसे नाही. त्याचे पैसे साडी मागावरून उतरून व्यापाऱ्याकडे गेल्यावर येतात, आणि बाजारात मंदी असली की मागच बंद राहतो. निपाणीची बिडी वळणारी भगिनी हजार बिड्यांच्या दराने काम करते. ठेकेदाराने त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढल्या की तिच्या मजुरीतून तेवढ्या वजा होतात. हाती येतो तो आठवड्याचा हिशेब. आणि तंबाखू पिकवणारा शेतकरी तर वर्षातून एकदाच पैसे पाहतो. पावसाळ्यात लावलेले रोप, उन्हाळ्याच्या तोंडाशी वखारीत गेलेला माल, आणि त्याला तेथे लागलेला भाव, यांवर त्याच्या घरची बारा महिन्यांची चूल अवलंबून असते. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकरी बायकामुलांसह आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले, आणि अखेर झालेल्या गोळीबारात काहींनी प्राण गमावले, ते या भावासाठीच. त्या आंदोलनाच्या राजकारणात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु रस्त्यावर चुली मांडणाऱ्या त्या भगिनींपुढे प्रश्न किराण्याचाच होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आठवड्याला पैसे येणाऱ्या घराने तेलाचा डबा एकदम घ्यावा कसा? तेथे तेल पावशेराच्या बाटलीतून येते, चहापूड पुडीतून येते, साखर अर्धा किलो येते. आणि किरकोळ घेतलेल्या जिनसेचा किलोमागे दर घाऊक दरापेक्षा नेहमीच चढा असतो. म्हणजे ज्याच्यापाशी कमी आहे त्यास तीच वस्तू महाग पडते. पुन्हा उधारी आहेच. गल्लीतला दुकानदार वहीवर माल देतो, तंबाखू विकली जाईपर्यंत थांबतो, आणि थांबण्याची किंमत भावात थोडी मिळवून घेतो. त्यास आम्ही दोष देत नाही. त्यालाही रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते. पण मग पगारदार घराने आपली यादी आकड्यात बसली म्हणून अभिमान बाळगावा, आणि बिडीकामगाराच्या घरास 'यांना नियोजन कळत नाही' असे म्हणावे, हे कितपत योग्य? हा अभिमान पुष्कळदा सद्गुणाचा नसून पहिल्या तारखेचा असतो.

पगारदार घराच्या आकड्यासही फार भाव देण्याचे कारण नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले. सूर्यफुलाचे तेल आपल्या देशात मुख्यत्वे याच दोन देशांतून येत असे. पुढे एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद ठेवली. परिणामी आपल्या बाजारात शेंगतेलही महागले, कारण एक तेल आटले की ग्राहक दुसऱ्याकडे वळतो. जिने काळ्या समुद्राचे नावही ऐकले नसेल, अशा गृहिणीचा त्या महिन्याचा आकडा चुकला. तो चुकला, की ती चुकली?

अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम मांडला. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे वाढते तसतसा अन्नावरील खर्चाचा एकूण खर्चातील वाटा घटत जातो, असा तो आहे. आपल्या देशात २०२२-२३ साली झालेल्या सरकारी पाहणीत ग्रामीण घरांत हा वाटा सुमारे ४६ टक्के आणि शहरी घरांत सुमारे ३९ टक्के आढळला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ग्रामीण भागात तो ५९ टक्क्यांच्या आसपास होता. त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटली. धान्यावर जेवढा खर्च होतो त्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च ग्रामीण घरांत, आणि त्याहूनही अधिक पटीने शहरी घरांत, पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवर होतो. रेशनचे धान्य फुकट अथवा स्वस्त मिळते हे त्याचे एक कारण आहेच. तरी दुसरे कारण आपण जाणतो. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटे कमी होत जातात. तो यादीत नसतो. मुलास घेऊन दुकानात गेलेले वडील तो घेतात, आणि महिनाअखेरीस जाब मात्र यादी करणारीस विचारला जातो.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आकडा पाळण्याचे मार्ग थोडेच आहेत. एक वस्तू सोडून दुसरी घेणे, म्हणजे महाग झालेल्या तुरीऐवजी मसुरीची आमटी करणे. वाया जाणारे वाचवणे. किंवा कोणाच्या तरी ताटातून काढून घेणे. पहिले दोन मार्ग बुद्धीचे आहेत व त्यांत आपल्याकडील गृहिणी कोणास हार जाणार नाही. परंतु त्यांस एक सीमा आहे. जानेवारीत ठरलेली रक्कम डिसेंबरातही तीच राहिली आणि भाव मात्र चढत गेले, तर केव्हा तरी तिसरा मार्ग धरावाच लागतो. मग ते ताट कोणाचे? मुलांचे काढवत नाही. पतीचे काढले तर तो विचारील. सासूबाईंचे पथ्य आहे. उरले एकच, ते सर्वांच्या मागून वाढून घेतले जाते, आणि त्याकडे पाहण्यास तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नसते. दुधाचा कप तेथून जातो, फळ जाते, शेवटची भाजी जाते. उरते ती भाकरी, चटणी आणि आमटीचे खालचे पाणी. महिना आकड्यात बसतो. घरात शाबासकी मिळते. वस्तुतः घराने बचत केलेली नसते; एकीच्या शरीराकडून बिनव्याजी कर्ज काढलेले असते, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

हे अतिशयोक्त वाटेल त्यांनी देशव्यापी आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा अहवाल आठवावा. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोह-हिमोग्लोबिन कमी, पुरुषांत मात्र हेच प्रमाण २५ टक्के. याची कारणे अनेक आहेत, बाळंतपणे आहेत, मासिक रक्तस्राव आहे; सारा दोष ताटावर ढकलणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्या दोघांत एवढे अंतर असताना ताटाकडे न पाहणे, हेही शहाणपणाचे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, गृहिणीने मागून जेवणे ही तर आपली परंपरा आहे. परंपरा काय सांगते ते मुळातून पाहावे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात भोजनाचा क्रम दिला आहे. नवविवाहिता, कुमारिका, आजारी आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी वाढावे. मग अतिथी, घरचे लोक, चाकरमाणसे. आणि या सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते दांपत्याने खावे. दांपत्याने, म्हणजे दोघांनी. मुळात क्रियापदही द्विवचनी आहे. यजमान पहिल्या पंगतीस आणि पत्नी शेवटी, अशी विभागणी तेथे नाही. शेवटचे पान हे घरधन्याचेही पान होते, आणि ते तसे असण्यात मोठे शहाणपण होते: ज्याने रक्कम ठरवायची, त्यालाच ती अपुरी पडल्याचे पहिले समजे, तेही कोणी न सांगता, स्वतःच्या पोटावरून. काळाच्या ओघात पती पंगतीत वर सरकला आणि परंपरेच्या नावाने पत्नी तेथेच राहिली. आम्ही जुने मोडा म्हणत नाही. उलट, जुने पुरते पाळा असेच म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ती हे प्रेमाने करते, तिला कोणी भाग पाडीत नाही, मग त्यात अन्याय कुठे? आईच्या त्यागाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. मात्र त्याग आणि लपवणूक यांत भेद आहे. आपला घास दुसऱ्यास देताना घेणाऱ्यास ते ठाऊक असेल, तर तो नको म्हणू शकतो, अर्धा परत करू शकतो, निदान कृतज्ञ राहू शकतो. ठाऊकच नसेल तर त्याची ही सारी दारे बंद होतात. तो न कळत ऋणी होतो, आणि ज्या अन्यायास त्याने कधीच संमती दिली नसती त्याचा वाटेकरी होतो. म्हणून, ही गोष्ट भगिनींस कठोर वाटेल हे जाणूनही आम्ही म्हणतो की आपली उपासमार झाकून ठेवून आकडा जुळवणे हे घराशी सत्याने वागणे नव्हे. आणि पुरुषांस आम्ही एवढेच विचारतो की, दिसत नव्हते म्हणून ठाऊक नव्हते, की पाहिलेच नाही म्हणून दिसत नव्हते?

शहापुरातील एका परिचित घरी यादी लिहिण्याचे काम शाळकरी मुलीकडे आहे. गेल्या वर्षी दुधाचा हिशेब मांडताना तिने विचारले, "आई, आपण पाच जण, मग दूध चौघांचंच कसं गं?" आईने, मला दूध सोसत नाही, असे उत्तर दिले. आज्जी तेथेच वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आलीस तेव्हा वाटीभर साय खात होतीस की गं सूनबाई. सोसायचं कधीपासून बंद झालं?" त्या महिन्यात अर्धा लिटर दूध वाढले, आणि यजमानांची संध्याकाळची हॉटेलातली चहा-भजी आठवड्यातून दोन दिवसांवर आली. ती भजी तोवर कोणत्याही यादीत नव्हती. आमच्या पाहण्यात पुरुषांचा पान, तंबाखू, चहा, मित्रमंडळींचा खर्च हा घरखर्चाच्या आकड्याबाहेरच असतो. आकड्याची शिस्त फक्त चुलीला.

अलीकडे यात एक नवी गोष्ट आली आहे. कर्नाटक सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये गृहलक्ष्मी योजना सुरू करून कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर दरमहा २,००० रुपये देण्याचे ठरवले, आणि पुढच्या वर्षी सीमेपलीकडे महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेने १,५०० रुपये ठरवले. निपाणीची बहीण आणि कागलची बहीण आता या दोन रकमांची तुलना करतात, त्यात गंमतही असते आणि थोडी कुरकुरही. योजनांचे गुणदोष राज्यकर्त्यांनी आणि मतदारांनी पाहावेत. घरापुरता प्रश्न वेगळा आहे. काही घरांत हे पैसे आल्याबरोबर पतीने किराण्यास द्यावयाची रक्कम तेवढीच उतरवली. तिच्या हाती आलेले पैसे अशा रीतीने त्याच्या खिशात राहिले, आणि आकडा पुन्हा पूर्वीचाच. हे कायद्यास धरून असेल. न्यायास धरून आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

शेवटी अतिथीचा प्रश्न राहतो, कारण 'बजेट पाळायचे तर पाहुणे कसे परवडतील' असे आता उघड बोलले जाते. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सांगितली जाते. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार भुकेल्यांस मोकळे केले. ते धान्य त्यांचे स्वतःचे नव्हते, ही गोष्ट कथा लपवीत नाही. पण त्याबद्दल होणारी शिक्षा ते स्वतःच्या मानेवर घेण्यास सिद्ध होते, आणि म्हणून ते दान ठरले. दुपारी बारा वाजता तीन मित्रांस न कळवता घरी घेऊन येणारा यजमानही दुसऱ्याच्या कोठारातूनच देतो. फरक इतकाच की त्याची शिक्षा तो भोगीत नाही. पाहुणा यावाच. तो घराचा मान आहे, आणि पाहुण्यास दार बंद करणारी काटकसर आम्हांस मान्य नाही. मात्र त्याचा भार पडेल तो सर्वांवर पडावा. जुन्या बायका आमटीत तांब्याभर पाणी वाढवीत, तेव्हा ती सर्वांचीच पातळ होई. भाकऱ्या मात्र मोजून केलेल्या असतात, आणि त्या कमी पडल्या तर एकीलाच कमी पडतात. म्हणून यादी करताना महिन्याच्या ज्वारीत दोन किलो पाहुण्यांच्या नावाने आधीच धरावी, आणि रोज दोन भाकऱ्यांचे पीठ अधिक मळावे. पाहुणा आला नाही आणि भाकरी उरली, तर सकाळी ताकात काला होतो किंवा कांदा घालून फोडणीची भाकरी होते, आणि ती मुलेही आवडीने खातात.